लॅपटॉपवर चालतं, मग सर्व्हरवर का नाही?

वेबसाइट तयार झाली की पहिला मोह होतो तो मित्राला लिंक पाठवण्याचा. ॲड्रेस बारमध्ये दिसणारं ‘लोकलहोस्ट’ आणि त्यापुढचा ५१७३ हा आकडा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला जातो, आणि मित्राच्या फोनवर काहीच उघडत नाही. यात बिघाड कसलाच नाही. लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच यंत्र’. त्याचा १२७.०.०.१ हा पत्ता ज्या यंत्रावर टाकाल त्याच यंत्राकडे वळतो. मित्राने लिंक दाबली तेव्हा त्याच्या फोनने स्वतःच्याच आत ५१७३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, उत्तर द्यायला कोणी बसलंय का ते पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तुमची वेबसाइट अजून तुमच्या लॅपटॉपच्या बाहेर पडलेलीच नाही.

तिला बाहेर काढणं म्हणजे डिप्लॉयमेंट. कायम चालू असणाऱ्या आणि इंटरनेटवर स्वतःचा पत्ता असणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपला कोड नेऊन चालवायचा, एवढंच. तरीही डिप्लोमाचा कॅपस्टोन असो की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, सबमिशनच्या आदल्या रात्री मुलं अडकतात ती इथेच. कारण अख्खं सेमिस्टर त्या लॅपटॉपवर काम करताना तुम्ही त्याला कितीतरी गोष्टी नकळत पुरवलेल्या असतात. कधी एक पॅकेज टाकलं, कधी एका फाइलमध्ये पासवर्ड लिहिला, डेटाबेस सुरू करून ठेवला. घड्याळ तर आधीपासूनच भारतीय वेळेवर होतं. सर्व्हरला यातलं काही माहीत नसतं. त्याला कळतं ते फक्त तुम्ही लिहून दिलेलं. म्हणून डिप्लॉय करताना एरर आली की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: माझ्या लॅपटॉपला न सांगता कळलेली अशी कोणती गोष्ट या सर्व्हरला सांगायची राहिली?

एक ठरावीक उदाहरण घेऊ. चौघांचा गट हॉस्टेलच्या मेससाठी ॲप बनवतोय. ज्या दिवशी जेवायचं नाही त्याचा खाडा आदल्या रात्री दहापर्यंत मोबाइलवरून टाकायचा, म्हणजे मेसवाल्या काकूंना किती जणांचा स्वयंपाक करायचा ते कळेल आणि महिन्याच्या शेवटी खाडे वजा होऊन बिल दिसेल. दिसणारा भाग रिॲक्टमध्ये, मागचा सर्व्हर नोडवर एक्सप्रेस वापरून, डेटा मोंगोडीबीत. सध्या बऱ्याच कॉलेजांत हीच जोडणी दिसते.

माझं ठाम मत असं की या चौघांनी पहिल्याच आठवड्यात डिप्लॉय करावं. लॉगिन नको, खाडे नकोत, नुसतं ‘नमस्कार’ दाखवणारं एक पान आणि डेटाबेसमधून एक नोंद वाचणारा एक पत्ता. एवढंच वर चढवलं की पुढे रोज थोडी भर पडते आणि काही मोडलं तर आजच्याच बदलाने मोडलं हे कळतं. शेवटी एकदम चढवलं तर दहा चुका एकावर एक रचलेल्या असतात आणि वरची काढल्याशिवाय खालची दिसत नाही.

आधी शेजारच्या लॅपटॉपवर

सर्व्हरची खरी परीक्षा फुकटात आणि घरच्या घरी घेता येते. गटातल्या ज्या मुलीने कोड लिहिलेला नाही तिच्या लॅपटॉपवर गिटहबवरून (गिटने जपलेला कोड ऑनलाइन ठेवायची जागा) प्रोजेक्ट नव्याने क्लोन करायचा, म्हणजे उतरवून घ्यायचा, आणि फक्त सूचनांची रीडमी फाइल वाचून तो चालवून बघायचा. कोड लिहिणाऱ्याने तोंडाने काही सांगायचं नाही. ती जिथे अडेल तिथेच सर्व्हरही अडणार आहे.

पहिली अडचण बहुधा नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरची येते. पॅकेज डॉट जेसन ही वाण्याकडे द्यायची यादी आहे, आणि नोड मॉड्यूल्स हे घरी आलेलं सामान. गिटहबवर यादी पाठवायची, सामान नाही. हे फोल्डर गिटइग्नोअर फाइलमध्ये लिहून वगळायचं. ते अवाढव्य असतं हे एक कारण झालं. पण त्यात काही पॅकेजेस तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेली असतात, हे त्याहून मोठं कारण. पासवर्ड हॅश करणारं, म्हणजे उलगडता न येणाऱ्या रूपात बदलणारं, बीक्रिप्ट हे त्यातलंच. विंडोजवर बनलेला त्याचा भाग लिनक्स सर्व्हरवर चालत नाही, आणि एरर इतकी विचित्र येते की दोष फोल्डरचा आहे हे सुचतही नाही.

यादीसोबत येणारी पॅकेज लॉक फाइल मात्र गिटमध्ये हवीच. पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती बसवली होती हे त्यात असतं. सर्व्हरवर पॅकेज बसवताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरलं तर तंतोतंत त्याच आवृत्त्या येतात. नोडची स्वतःची आवृत्तीही पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘एंजिन्स’ या नावाखाली लिहून ठेवावी. आणि स्टार्ट कमांड तपासावी. पुष्कळ जणांची ती नोडमॉनवर असते, म्हणजे कोड बदलला की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या साधनावर. नोडमॉन लॅपटॉपवर ग्लोबल बसवलेलं असल्याने तिथे चालतं, सर्व्हरवर ते नसतं. तिथे साधं नोड आणि पुढे फाइलचं नाव पुरतं.

यानंतरची चूक मला सगळ्यांत फसवी वाटते. विंडोज फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही. लिनक्स करतं, आणि जवळपास सगळे होस्टिंग सर्व्हर लिनक्सवर असतात. फाइलचं नाव कॅपिटल एनने सुरू होणारं ‘नॅवबार’ आणि इम्पोर्ट करताना लिहिलं स्मॉल एन, तर विंडोजवर पान झकास उघडतं आणि सर्व्हरवर ‘मॉड्यूल सापडलं नाही’ येतं. डोळ्यांसमोर फाइल दिसत असताना ती सापडत नाही म्हणतोय, म्हणून माणूस चक्रावतो. फाइलचं नाव बदलून पुन्हा पुश केलं, म्हणजे गिटहबवर चढवलं, तरी तीच एरर राहू शकते, कारण विंडोजवर गिटही फक्त अक्षराच्या आकारातला बदल सहसा टिपत नाही. तो बदल ‘गिट एमव्ही’ या कमांडने करायचा.

पासवर्ड आणि किल्ल्या

डेटाबेसचा पत्ता, त्याचा पासवर्ड, लॉगिन टोकनवर सही करणारी गुप्त की, हे सगळं कोडमध्ये न लिहिता डॉट ईएनव्ही नावाच्या फाइलमध्ये ठेवतात आणि ती फाइल गिटइग्नोअरमध्ये टाकतात. सर्व्हरला ही फाइल मिळतच नाही. म्हणून होस्टिंगच्या डॅशबोर्डवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या जागी तीच नावं आणि त्यांच्या किमती (व्हॅल्यू) हाताने भराव्या लागतात. हे राहिलं की सर्व्हर सुरू होतो, डेटाबेसचा पत्ता शोधतो, त्याला ‘अनडिफाइन्ड’ मिळतं आणि तो कोसळतो. गटातल्या बाकीच्यांसाठी डॉट ईएनव्हीचा एक नमुना गिटमध्ये जरूर ठेवावा, त्यात फक्त नावं, किमतींच्या जागा रिकाम्या.

आणि डॉट ईएनव्ही चुकून गिटहबवर गेलीच तर? फाइल डिलीट करून पुन्हा पुश केल्याने काम होत नाही. गिट २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी बनवलं तेच मुळी प्रत्येक बदलाचा इतिहास जपण्यासाठी. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या बदलात, पासवर्ड तसाच राहतो, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीतून अशा किल्ल्या वेचणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. उपाय एकच: तो पासवर्ड, ती की त्याच क्षणी बदलून टाकायची. जुनी निकामी झाली की इतिहासात राहिली तरी बिघडत नाही. इथे आळस करू नका. मेसच्या खाड्यांत चोरण्यासारखं काही नाही असं वाटेल, पण त्यात मुलांची नावं, खोली क्रमांक, फोन नंबर असतात. ते तुमच्या भरवशावर दिलेले असतात.

रिॲक्टच्या बाजूला नियम वेगळा आहे. तो कोड शेवटी वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरतो, त्यामुळे तिथे ठेवलेलं काहीच गुप्त राहत नाही, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी. रिॲक्टचा कोड चालवणारं आणि बांधणारं व्हीट हे साधन वापरत असाल तर ‘व्हीट’ आणि अंडरस्कोअर यांनी, तेही कॅपिटल अक्षरांत, सुरू होणारी व्हेरिएबल्स तेवढी कोडला दिसतात, आणि ती बिल्ड होताना, म्हणजे कोडच्या अंतिम फाइल्स तयार होताना, कोडमध्ये कायमची छापली जातात. डॅशबोर्डवर किंमत बदलली आणि पान रिफ्रेश केलं, तरी जुनीच दिसत राहते. नव्याने बिल्ड करावं लागतं.

कुठे ठेवायचं?

रिॲक्टचं बिल्ड केलं की उरतात त्या एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टच्या स्थिर फाइल्स. त्या ठेवायला गिटहब पेजेस, नेटलिफाय, व्हर्सेल अशा जागा आहेत आणि छोट्या प्रोजेक्टला फुकट पुरतात. गिटहब पेजेसवर एक्सप्रेस चालत नाही, पीएचपीही नाही, हे लक्षात ठेवा. एक्सप्रेसला सतत चालणारी प्रोसेस लागते, त्यासाठी रेंडरसारखी सेवा. डेटाबेससाठी मोंगोडीबी ॲटलासचा फुकट क्लस्टर, त्यात ५१२ एमबी जागा मिळते. मेसच्या खाड्यांना ती कित्येक वर्षं पुरेल.

यूट्यूबवर शोधताना व्हिडिओची तारीख आधी बघा. हेरोकू या होस्टिंगवर फुकट चढवायला शिकवणारे असंख्य व्हिडिओ अजून वर येतात, पण हेरोकूने फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद केल्या. तसंच गिटहबवर पुश करताना खात्याचा पासवर्ड टाका असं सांगणारे व्हिडिओ ऑगस्ट २०२१ आधीचे. तेव्हापासून तिथे टोकन किंवा एसएसएच की लागते.

फुकट सर्व्हरची किंमत वेळेत मोजावी लागते. रेंडरवरची फुकट सेवा १५ मिनिटं कोणी आलं नाही की झोपते, आणि पुढच्या पहिल्या माणसाला ती जागी होईपर्यंत मिनिटभर थांबावं लागू शकतं. व्हायवाला एक्सटर्नल समोर बसलेले असताना ते एक मिनिट फार लांब वाटतं. आपला नंबर यायच्या पाच मिनिटं आधी लिंक उघडून ठेवायची.

कोडमध्ये दोन छोट्या गोष्टी बदलाव्या लागतात. लॅपटॉपवर तुम्ही पोर्ट ५००० असं ठोकून लिहिलेलं असतं. होस्टिंगवर पोर्ट कोणता ते सर्व्हर ठरवतो आणि ‘पोर्ट’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून तुम्हाला सांगतो. तो आधी वाचायचा, नसेल तर ५०००. दुसरं, लोकलहोस्टवर ऐकायला सांगितलं असेल तर बाहेरची विनंती आत येणारच नाही. तिथे ०.०.०.० हवं, म्हणजे सगळ्या दिशांनी ऐक.

ॲटलास जोडताना दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. एक, ॲटलास फक्त नोंदवलेल्या आयपी पत्त्यांनाच आत घेतं. तुमच्या घरचा आयपी नोंदवलेला असतो, सर्व्हरचा नसतो. फुकट होस्टिंगला स्वतःचा एकच आयपी मिळत नसल्याने मुलं ०.०.०.०/० टाकून सगळ्यांना दार उघडतात. विद्यार्थी प्रोजेक्टसाठी ते चालेल, मात्र मग डेटाबेसचा पासवर्ड हीच एकमेव कडी उरते, तो लांबलचक आणि आडवातिडवा असू द्या. दोन, त्या पासवर्डमध्ये ‘@’ असेल तर पूर्ण पत्ता मोडतो, कारण पत्त्यात त्याच चिन्हानंतर सर्व्हरचं नाव सुरू होतं. त्याच्या जागी %४० लिहायचं (आकडे अर्थात इंग्रजी), किंवा सरळ अक्षरं आणि आकडे यांचाच पासवर्ड घ्यायचा. घरी जोडणारं ॲटलास कॉलेजच्या वाय-फायवर जोडत नसेल तर कोडला हात लावू नका. कॉलेजच्या फायरवॉलने २७०१७ हा पोर्ट अडवलेला असू शकतो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला की लगेच कळतं.

ब्राउझर अडवतो तेव्हा

सगळं चढलं, पान उघडलं, आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरात ‘कॉर्स’ची एरर. सर्व्हरला थेट विनंती पाठवून बघायच्या पोस्टमन या साधनातून तीच विनंती नीट चालते, त्यामुळे गोंधळ वाढतो. ही अडवणूक सर्व्हरची नसते, ब्राउझरची असते. एका वेबसाइटवरच्या स्क्रिप्टने दुसऱ्या वेबसाइटचा डेटा परस्पर वाचू नये, यासाठी ब्राउझर दोन्हींचं मूळ तपासतो. मूळ म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट हे तिन्ही. यातलं एक जरी वेगळं असलं तरी ती परकी साइट. मग दुसऱ्या बाजूच्या सर्व्हरने ‘या साइटला माझं उत्तर वाचू दे’ असं स्पष्ट सांगावं लागतं. लॅपटॉपवर तुम्ही लोकलहोस्टला परवानगी दिलेली होती, नेटलिफायवरच्या नव्या पत्त्याला दिलेली नाही. ती द्यायची. देताना पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ राहू देऊ नका, तेवढ्यानेही जुळणी हुकते.

लॉगिन कुकीवर असेल तर हे आणखी गुंतागुंतीचं होतं. दोन वेगळ्या साइट्समध्ये कुकी न्यायची तर तिच्यावर खास खुणा लागतात, सफारी तर अशा तिऱ्हाईत कुकी अडवतोच. म्हणून विद्यार्थ्यांना माझा सल्ला वेगळा आहे: दोन जागी ठेवूच नका. रिॲक्टचं बिल्ड करून मिळालेलं डिस्ट फोल्डर ब्राउझरला पाठवायचं काम एक्सप्रेसलाच सांगा. पान आणि डेटा एकाच पत्त्यावरून आले की कॉर्सचा प्रश्नच उरत नाही, कुकी सरळ चालते, आणि सांभाळायला एकच सर्व्हर राहतो. वेग थोडा कमी मिळेल, पण दोनशे मुलांच्या हॉस्टेलला तो जाणवणार नाही.

यातच आणखी एक ओळ घालायची. ‘माझे खाडे’ या पानावर असताना रिफ्रेश केलं की ४०४ येतो, कारण त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसतेच, ते पान ब्राउझरमधला रिॲक्ट तयार करतो. जो पत्ता सर्व्हरला ओळखीचा नाही त्यासाठी इंडेक्स डॉट एचटीएमएल पाठव, असं त्याला सांगायचं. नेटलिफायवर हेच काम रीडायरेक्ट्सच्या फाइलमधली एक ओळ करते.

वेळ, फोटो आणि मराठी अक्षरं

आता ॲप चालतंय. काकू सांगतात, रात्री दहानंतरही खाडे येतायत, पार पहाटे तीनपर्यंत. कोड बरोबर आहे: तास २२ झाला की नोंद बंद. पण सर्व्हरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरचे २२ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. शिवाय मध्यरात्र ते साडेपाच या वेळेत टाकलेली नोंद आदल्या तारखेवर पडते, आणि मग बिलात एका दिवसाचा घोळ. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवावी. दिवस आणि तास ठरवताना मात्र ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन कोडमध्ये नावानिशी लिहावा. यात एररचा मेसेज येत नाही. चुकीचं उत्तर शांतपणे मिळत राहतं, म्हणून याची चाचणी मुद्दाम रात्री करून बघायची.

फोटोंचंही असंच. काकूंनी आठवड्याच्या मेन्यूचा फोटो टाकला, तो अपलोड्स फोल्डरमध्ये गेला, दिसला. दोन दिवसांनी तुम्ही नवा कोड चढवला आणि फोटो गायब. अशा होस्टिंगवर प्रत्येक डिप्लॉयला डिस्क कोरी होते. फोटो क्लाउडिनरीसारख्या वेगळ्या जागी ठेवायचे आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता.

ज्यांचा प्रोजेक्ट झॅम्पवर, म्हणजे पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये आहे, त्यांनाही तोच प्रश्न स्वतःला विचारायचा. झॅम्पमध्ये ‘रूट’ या नावाला पासवर्ड नसतो. होस्टिंगवर डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि पुष्कळदा होस्टचा पत्ताही वेगळा मिळतो, तो जोडणीच्या फाइलमध्ये बदलायचा. टेबलं पीएचपीमायॲडमिनमधून एक्स्पोर्ट करून तिकडे इम्पोर्ट करायची. आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर कॅरेक्टर सेट बघायचा. जुन्या लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि इमोजी चार. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटपर्यंतच जातो, म्हणून मराठी उमटतं पण इमोजी टाकला की मोडतो. टेबल आणि पीएचपीची जोडणी, दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ लावलं की दोन्ही सुटतात.

एरर आली की डॅशबोर्डवरचे लॉग वरून खाली वाचा. शेवटची ओळ फक्त ‘बिल्ड फसलं’ एवढंच सांगते. खरं कारण वर, पहिल्या एररमध्ये असतं. ती पहिली ओळ नीट वाचून मग शोधाशोध करा.

स्वतःचं डोमेन घेणं ऐच्छिक आहे. होस्टिंगचा फुकट पत्ता परीक्षेला पुरतो, त्यावर एचटीटीपीएसही आपोआप मिळतं. घ्यायचंच असेल तर गिटहबच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकमध्ये काही डोमेन वर्षभरासाठी मिळतात का ते आधी बघा.

ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालात, लिंकसोबत एक चाचणीचं लॉगिन छापा, म्हणजे तपासणाऱ्याला नोंदणी करावी लागणार नाही. त्या लॉगिनमागचा डेटा खोटाच असू द्या, खऱ्या मुलांचे फोन नंबर त्यात नकोत. आणि काकूंना ॲप खरंच आवडलं, निकालानंतरही मेस ते वापरणार असेल, तर होस्टिंग, डेटाबेस आणि फोटो यांची खाती कोणाच्या ई-मेलवर उघडली आहेत ते वेळीच बघा. ती कॉलेजने दिलेल्या ई-मेलवर असतील तर पास झाल्यावर तो बंद होऊ शकतो आणि चालतं ॲप कोणालाच दुरुस्त करता येत नाही. खाती मेसच्या नावाने उघडलेल्या ई-मेलवर न्या, सगळे पासवर्ड बदला, आणि पुढच्या वर्षीच्या दोघांना बसवून रीडमी वाचून ॲप एकदा नव्याने चढवायला लावा.